ठाणे-नवी मुंबईत चांगलं जेवण आणि बरी वाईन कशी शोधायची

ठाण्यात किंवा नवी मुंबईत दोन-तीन दिवसांसाठी येणाऱ्यांचा मेसेज ठरलेला असतो, "ताई, तिकडे जेवायला चांगलं कुठेय गं, आणि जरा वाईन वगैरे मिळेल असं?" कोणाची परीक्षा असते, कोणाचं ऑफिसचं ट्रेनिंग, कोणी लग्नाला आलेलं असतं आणि कार्यालयातल्या जेवणाला कंटाळलेलं असतं. मी नौपाड्यात राहते, खाण्यावर माझं मनापासून प्रेम आहे आणि एवढ्या लांबून आलेल्या माणसाने मॉलमधलं तेच ते पनीर खाऊन परत जावं हे मला बघवत नाही, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

नावं फार देणार नाही, कारण आचारी बदलला की हॉटेल बदलतं आणि आचारी गेल्याची बातमी काही पेपरात येत नाही. बघायचं कसं ते सांगते. माझी कसोटी एकच आहे, माल फिरतो का. जो पदार्थ सकाळपासून रात्रीपर्यंत सारखा सुटत असतो तो ताजा असतो, त्यावर आचाऱ्याचा हात बसलेला असतो, आणि जो आठवड्यातून एकदा कोणीतरी मागवतं त्याचं सामान डीप फ्रीजमध्ये पडून असतं. हे मिसळीला लागू आहे, सुरमईला लागू आहे आणि वाईनच्या बाटलीला तर सगळ्यात जास्त. त्यामुळे "बेस्ट हॉटेल" शोधत बसू नका, त्या हॉटेलात सगळे जण काय मागवतात ते शोधा आणि तेच मागवा.

आधी एरिया ठरवा पण. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं ठाणे म्हणजे एक स्टेशन आणि नवी मुंबई म्हणजे वाशी, आणि मग घोडबंदर रोडला उतरलेला माणूस संध्याकाळी सात वाजता बेलापूरला जेवायला निघतो आणि ट्रॅफिकमध्ये अडकून भुकेने अर्धा होतो. स्टेशन, नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड, तळावपाळी, चरई हे जुनं ठाणं, इथे सकाळचं आणि संध्याकाळचं खाणं करायचं, चालत. रात्री निवांत बसून जेवायचं, सोबत ग्लासभर वाईन घ्यायची असेल तर हिरानंदानी इस्टेटमधला द वॉक किंवा घोडबंदरचीच आजूबाजूची मोठी हॉटेलं बरी. नवी मुंबईत वाशीचं सेक्टर १७ खाण्यासाठी जुनं आणि भरवशाचं, बेलापूरला सेक्टर १५ मध्ये ऑफिसवाल्यांची गर्दी असते त्यामुळे संध्याकाळी बार आणि रेस्टॉरंट दोन्ही चालतात, सीवूड्सला स्टेशनवरच मॉल आहे, तो सोयीचा आहे एवढंच. खारघरला उतरला असाल तर वाईनचा बेत तिथे करू नका, तिथल्या लोकांनी दारूच्या परवान्यांना वर्षानुवर्षं विरोध केलाय, बेलापूरला या, जवळच आहे. ठाणे ते वाशी-नेरूळ-पनवेल ट्रान्स हार्बरची लोकल आहे, रस्त्यापेक्षा ती केव्हाही चांगली. आणि एक बघून घ्या, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्या दिवशी मॅच किंवा मोठा कार्यक्रम आहे का, असेल तर नेरूळ-सीवूड्सकडे फिरकूच नका, ना रिक्षा मिळणार ना टेबल.

आता रेटिंगचं बघू. मी पण गुगलवर बघतेच, पण चांदण्या नाही मोजत. रिव्ह्यू "नवीन आधी" लावायचे आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतलेच वाचायचे, त्यात सुद्धा तीन स्टारवाले आधी, कारण पाच स्टारवाला खुशीत असतो, एक स्टारवाला रागात, आणि तीनवाला बिचारा नीट सांगतो की भाकरी मस्त होती पण रस्सा पातळ होता. मग लोकांनी टाकलेले फोटो बघा, हॉटेलने टाकलेले नाही. लोकांच्या फोटोत एकच ताट सारखं दिसतंय का? तेच तिथलं चालणारं. मेन्यूचा आणि बिलाचा फोटो पण कोणीतरी टाकलेला असतोच, त्यावरून खर्चाचा अंदाज येतो. सर्चमध्ये पदार्थाचं नाव टाकून रिव्ह्यू गाळता येतात, "बोंबील" टाका, "थालीपीठ" टाका, लगेच कळतं. आणि मेन्यू चौदा पानी असेल, त्यात मालवणी, मुघलाई, चायनीज, पिझ्झा सगळं एकत्र असेल तर मी बसत नाही. एवढं सगळं ताजं ठेवणं कुठल्याच किचनला जमत नाही.

माणसांना विचारणं अजूनही सगळ्यात भारी, फक्त प्रश्न नीट विचारा. "इथे चांगलं हॉटेल कुठे" म्हटलं की समोरचा तुमच्या कपड्यांकडे बघून महागडं नाव सांगतो, पाहुण्याला बरं दिसावं म्हणून. त्याऐवजी विचारा, "दादा, तुमचा डबा नसेल त्या दिवशी तुम्ही कुठे जेवता?" लॉजच्या रिसेप्शनवाल्याला, बँकेतल्या शिपायाला, मेडिकलवाल्याला. यांना रोज पैसे मोजून जेवायचं असतं, पोट सांभाळायचं असतं, ते खरं सांगतात. दुपारी एक ते दोनमध्ये ऑफिसची आयकार्डं गळ्यात घालून माणसं कुठल्या दारात उभी आहेत ते बघा, वागळे इस्टेटला, बेलापूरला हे अगदी स्पष्ट दिसतं.

सकाळचं जुनं ठाणं मात्र चुकवू नका. तहसीलदार कचेरीजवळची मामलेदार मिसळ कित्येक वर्षांपासून आहे, आणि माल फिरणं म्हणजे काय ते इथे डोळ्याने बघायला मिळतं. बसल्या बसल्या प्लेट समोर येते, तिखट किती हवं एवढंच विचारतात. नवख्याने मध्यम सांगा, तिखट सांगून मोठेपणा करायचा नाही, तो रस्सा खरंच कान गरम करतो. आधी पाव न बुडवता एक चमचा नुसता रस्सा घ्या, मग फरसाण मऊ पडायच्या आत खायला लागा, आणि ताक आधीच सांगून ठेवा. टेबलापाशी पुढचा माणूस उभा असतो त्यामुळे गप्पा बाहेर येऊन मारायच्या. वडापावचं म्हणाल तर नौपाड्यातला गजानन, तिथे वड्यापेक्षा ती पिवळी बेसनाची चटणी खायला लोक येतात, आणि स्टेशनजवळचा कुंजविहार, तिथला वडा एवढा मोठा की एकात पोट भरतं. दोन्हीकडे कढई थांबतच नाही, वडा तळून ट्रेमध्ये पडायच्या आत संपतो. संध्याकाळी पाचपाखाडीला प्रशांत कॉर्नरची चाट. घरगुती मराठी शाकाहारी हवं असेल तर नौपाड्यात मेतकूटसारख्या जागा आहेत, रविवारी तिथे नाव लिहून उभं राहावं लागतं, वाट बघायची तयारी ठेवा.

मासे हा माझा जिव्हाळ्याचा विषय त्यामुळे जरा थांबते इथे.

आपल्याकडे वार पाळतात ना, सोमवार, गुरुवार, शनिवार, कोणाचा मंगळवार. त्या दिवशी मासळीच्या हॉटेलात गिऱ्हाईक कमी, म्हणजे माल कमी फिरतो, म्हणजे आदल्या दिवशी उरलेलं आज पानात येणार. म्हणून मासे खायचे तर बुधवार, शुक्रवार, रविवार. हा साधा हिशोब आहे पण बाहेरून आलेल्यांच्या लक्षात येत नाही, ते गुरुवारी रिकामं हॉटेल बघून खूश होतात की वा टेबल लगेच मिळालं. दुसरं, १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत मेन्यूवर पापलेट-सुरमई असली तरी ती बहुतेक बर्फातली किंवा लांबून आलेली असणार, तेव्हा खाडीतलं खा, चिंबोऱ्या, कोळंबी, नाहीतर सरळ सुकं, सुकट, जवळा, सुके बोंबील. पावसात सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची गरम भाकरी, याच्यापुढे मला तरी पापलेट नको. श्रावणात अर्धी मासळीची हॉटेलं सुस्त असतात आणि त्याच्या आधी गटारीला एवढी तुडुंब की किचनला श्वास घ्यायला वेळ नसतो, दोन्ही वेळा टाळलेल्या बऱ्या.

ठाणे-बेलापूर पट्टा मूळचा आगरी-कोळी गावांचा, त्यामुळे गावठाणाच्या कडेला छोट्या आगरी खाणावळी सापडतात आणि मालवणीपेक्षा त्यांचा मसाला वेगळा, खोबरं कमी, तिखट जास्त, रंग गडद. बेलापूरला दिवाळे कोळीवाड्याचा मासळी बाजार आहे, सकाळी चक्कर मारून या, विकत घ्यायचं नसलं तरी आज काय भरपूर आलंय ते कळतं आणि दुपारी हॉटेलात तेच मागवायचं. हॉटेलात गेल्यावर वेटरला "काय चांगलंय" विचारू नका, तो सगळंच चांगलं म्हणणार. विचारा, "दादा, आज काय आलं नाही?" जो लगेच सांगतो की आज रावस नाही, मांदेली नाही, त्याच्याकडे रोज बाजार होतो. ज्याच्याकडे बाराही महिने सगळंच असतं त्याच्याकडे फ्रीजर मोठा आहे. मग बोंबील फ्राय मागवा. बोंबील टिकत नाही, शिळा लपवता येत नाही, पाणी सुटतं, वास येतो. ताजा असला की वरचा रवा कुरकुरीत आणि आत अगदी लोण्यागत, बोटाने काटा ओढला की सरळ निघून येतो. सोलकढी पण बघा, ग्लास पाच मिनिटं ठेवलात की खऱ्या नारळाच्या दुधाची कढी थोडी फुटल्यासारखी होते, तळाला गाळ दिसतो, कडेला लसणाचा बारीक कण. एकसारखी गुलाबी, दाट, गोडसर असली तर ती पावडरची. आणि किचनमधून भाकरी थापल्याचा आवाज येतोय का तेवढा कान द्या.

आता वाईन. आपल्याकडे वाईन शॉप म्हणजे जिथे मुख्यतः व्हिस्की-रम-बिअर मिळते ते दुकान, आणि त्यात वाईन असते ती वरच्या फळीवर, धूळ खात, ट्यूबलाईटच्या अगदी खाली. खरं तर महाराष्ट्रात वाईनचा एवढा मोठा उद्योग आहे, २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं वेगळं धोरण आणलं, नाशिकला सुला आहे, यॉर्क आहे, दिंडोरीला शँडन स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन, करते, इगतपुरीकडे ग्रोव्हर झांपा, अकलूजजवळ फ्रातेली. ठाण्याहून नाशिक काही लांब नाही. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे, इथे आलात तर आपली वाईन प्या. बाहेरच्या देशातल्या वाईनवर ड्युटी जबर असते, तेवढ्या पैशात तुम्हाला तिकडची अगदी साधी बाटली मिळते आणि आपल्याकडची वरच्या दर्जाची. शिवाय आपली फिरते, बाहेरची पडून असते.

माल फिरतोय का हे वाईनमध्ये ओळखायचं कसं? लेबलवर वर्ष असतं, ते बघा. आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, म्हणजे लेबलवर गेल्या वर्षाचं किंवा त्याच्या आधीच्या वर्षाचं साल असलं की पांढरी आणि रोझे, म्हणजे गुलाबी, बिनधास्त घ्या. पांढरी वाईन जुनी म्हणजे भारी असं समजू नका, शेनां ब्लां, सोव्हिन्यों ब्लां या ताज्याच प्यायच्या. चार-पाच वर्षं जुनी पांढरी कोपऱ्यात दिसली तर ती तिथेच राहू दे. लाल थोडी थांबू शकते, पण आपल्या उन्हाळ्यात बिनएसीच्या दुकानात थांबलेली लाल शिजल्यासारखी लागते, जॅमसारखा वास येतो. त्यामुळे दुकान निवडताना एसी आहे का, बाटल्या उन्हात किंवा दिव्याखाली तर नाहीत ना, आणि वाईनला वेगळा फ्रीज आहे का एवढं बघायचं. हिरानंदानी, पाम बीच रोड, वाशी या बाजूला अशी दुकानं सापडतात. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असलं तर नाक मुरडू नका, लवकर प्यायच्या वाईनला तेच चांगलं.

रेस्टॉरंटमध्ये ग्लासने घेणार असाल तर एकच प्रश्न, "बाटली कधी उघडली?" उघडलेली वाईन फ्रीजमध्ये झाकण लावून तीन-चार दिवस ठीक राहते, त्यापुढे आंबूस होते. वेटरला माहीत नसेल तर शांतपणे म्हणा, जरा बाटली टेबलावर आणून दाखवाल का. तळाशी एकच ग्लास उरलाय आणि रेस्टॉरंट रिकामं आहे, तर बिअर घ्या त्या दिवशी. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास बसतात, त्यामुळे तीन-चार जण असाल तर ग्लासचा भाव गुणिले पाच करून बाटलीच्या भावाशी ताडून बघा, बहुतेक वेळा बाटलीच परवडते आणि तुमच्यासमोर उघडली जाते हा वेगळा फायदा. दुकानातली एमआरपी फोनवर बघून ठेवा. रेस्टॉरंट जास्त लावणारच, पण दुपटीच्या बरंच वर गेलं तर मी जेवण तिथे करते आणि वाईन सोडते.

बाटली आणली की आधी लेबल दाखवतात, वर्ष आणि नाव बघून घ्या. मग थोडीशी ओततात. ती चव आवडली का सांगण्यासाठी नसते, खराब तर नाही ना हे बघण्यासाठी असते, त्यामुळे घाबरू नका, फक्त वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा किंवा व्हिनेगरचा वास आला तर परत करायचा तुमचा हक्क आहे. आणि तापमान! लाल वाईन "रूम टेंपरेचरला" म्हणतात ते थंड देशातल्या खोलीचं, साधारण १६-१८ डिग्री. आपल्याकडे मे महिन्यात ३२-३३ डिग्रीला लाल वाईन ओततात आणि मग लोक म्हणतात जळजळतं. बिनधास्त बर्फाची बादली मागा आणि लाल बाटली दहा-पंधरा मिनिटं ठेवा त्यात. मी प्रत्येक वेळी मागते. पांढरी ८ ते १० ला, स्पार्कलिंग त्याहून गार.

जेवणाबरोबर काय घ्यायचं? तिखटाबरोबर जड लाल वाईन नको, त्यातला तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखट वाढवतात, तोंडाची आग होते. आगरी मसाल्याचं मटण खाणार असाल आणि लालच हवी असेल तर हलकी, थोडी गार केलेली. तिखट रश्श्याबरोबर किंचित गोडसर शेनां ब्लां फार छान जाते, ज्यांना वाईनची सवय नाही त्यांना पण आवडते. बोंबील फ्राय, तळलेली मांदेली, कोथिंबीर वडी असलं काही तळलेलं असेल तर सोव्हिन्यों ब्लां किंवा ब्रूट, म्हणजे गोड नसलेली, स्पार्कलिंग, लिंबू पिळल्याचं काम ते करतं. तंदुरी असेल तर रोझे. माशाबरोबर लाल घेतली की तोंडात लोखंडासारखी चव येते, नकोच. अडचण अशी की ज्या खाणावळीत बोंबील अप्रतिम असतो तिथे वाईन नसते, आणि जिथे वाईनची यादी असते तिथला बोंबील तसा नसतो. यावर माझा उपाय असा, दुपारी खाणावळीत जेवायचं आणि संध्याकाळी वाईनसाठी वेगळं जायचं, सोबत दोन स्टार्टर. काही रेस्टॉरंट कॉर्केज, म्हणजे बाटली उघडायचे वेगळे पैसे, घेऊन तुम्ही आणलेली बाटली उघडू देतात, फोन करून आधी विचारा, घेऊन जाऊन वाद घालू नका.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात वाईन-बिअरसाठी वय २१ पूर्ण, कडक दारूसाठी २५. पिण्याचा परवाना लागतो, एका दिवसाचा काउंटरवर मिळतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि निवडणुकीचे दिवस ड्राय असतात, बेत त्या हिशोबाने.

बिल आलं की वाचा, लाज कसली त्यात. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५% जीएसटी, दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, त्यामुळे दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत. सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या कायम ठेवल्या. काढा म्हणायचं, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईन नंबरवर तक्रार. पण वेटरने खरंच नीट सांगितलं, आज हे नका घेऊ म्हणाला, तर त्याच्या हातात टीप द्या, मनापासून, आणि त्याचं नाव विचारून ठेवा. दुसऱ्या दिवशी परत जाल तेव्हा त्यालाच विचारायचं आज काय आलंय.

आणि प्यायला असाल तर गाडीला हात नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम ही मर्यादा आहे आणि दोन ग्लासांत ती सहज ओलांडली जाऊ शकते, पहिल्यांदा पकडलं तरी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. येऊरला रात्री जाऊन बसायची टूम असते बऱ्याच जणांची, ते जंगल आहे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, अंधारा घाट, तिथे पिऊन खाली येणं धोक्याचं आणि तिथल्या पाड्यांवरच्या लोकांना, जनावरांना त्रास तो वेगळा. ठाणे-वाशी लोकल रात्री उशिरा विरळ होतात, जेवायला बसायच्या आधीच शेवटच्या गाडीची वेळ ॲपवर बघून घ्या, आणि कॅब करणार असाल तर बिल मागवतानाच बुक करा, घोडबंदरला रात्री अकरानंतर ती यायलाच वीस मिनिटं लागतात.